तुणतुणे घरी, तंबोरा मिरजेला

मोडलेले वाद्य स्वतः दुरुस्त करावे की कारागिराकडे न्यावे? प्रश्न वरवर पैशाचा वाटतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत तो उभा राहिला, तेव्हा आम्हालाही तसाच वाटला होता. चर्चा वाढत गेली तसे लक्षात आले, की हा प्रश्न श्रमाचा आहे आणि म्हणून जातीचाही आहे.

आमच्या विहारात मुलांचा गाण्याचा वर्ग चालतो. तिथे दोन तंतुवाद्ये आहेत. एक तुणतुणे, वस्तीतल्या दिवंगत शाहिरांच्या घरून आलेले. दुसरा तंबोरा, एका निवृत्त शिक्षिकेने दिलेला. तुणतुण्याची तार तुटली होती आणि खुंटी सरकत होती. तंबोरा टेम्पोतून आणताना त्याच्या भोपळ्याला वीतभर भेग गेली. वर्गणी काढायची तर ती धुणीभांडी करणाऱ्या आया आणि मजूरनाक्यावर उभे राहणारे बाप यांच्याच कमाईतून येणार. म्हणून तरुण म्हणाले, "दोन्ही आपणच करू. मोबाईलवर व्हिडिओ आहेत, फेव्हिकॉल आहे." ज्येष्ठ म्हणाले, "ज्याचे काम त्याने करावे."

आम्हाला दोन्ही बाजू अर्ध्याच पटल्या.

"ज्याचे काम त्याने करावे" हे वाक्य आपल्या कानाला खटकलेच पाहिजे. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडले. वाद्याच्या दुनियेत ही उतरंड स्पष्ट दिसते. वाजवणारा वर, घडवणारा खाली, कातडी कमावणारा त्याहून खाली. तुणतुण्याचा तळ चामड्याने मढवलेला असतो. लाकडाचे जोड ज्या सरसाने चिकटवत आले, तो सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो. म्हणजे बैठकीत मानाने बसणाऱ्या वाद्यातही हे श्रम असतातच. फक्त त्यांचे नाव कोणी घेत नाही.

पण "आपणच करू" म्हणजे दर वेळी स्वाभिमान असतो, असेही नाही. स्वावलंबन वेगळे आणि दुसऱ्याच्या कौशल्याची किंमत शून्य धरणे वेगळे. "त्यात काय एवढं?" असे म्हणत आपल्या आजा-पणजांचे श्रम पिढ्यानपिढ्या फुकटात घेतले गेले. तेच वाक्य आपण दुसऱ्या कारागिराबद्दल बोलत असू, तर थांबून विचार केला पाहिजे.

मग ठरवायचे कसे? आम्ही एकच कसोटी लावली. काम बिघडले तर मागे फिरता येईल का?

तुणतुण्याच्या बाबतीत उत्तर 'हो' होते. त्याची रचना उघडी आहे. पोकळ नळकांडे, तळाला चामडे, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि एकच तार. तार चामड्याच्या मधल्या भोकातून वर येते. खाली गाठीला लहानशी चकती लावली की ताणाने चामडे फाटत नाही. खुंटीला खडूची पूड चोळली की ती सरकायची थांबते. तार पुन्हा तुटली तर पुन्हा लावता येते. आठवीतल्या दोन मुलींनी एका दुपारी हे सगळे केले. भीमराव कर्डकांच्या जलशापासून चालत आलेल्या परंपरेचा वारसा सांगायचा, तर शाहिराच्या हातातल्या या वाद्याची तार लावणे प्रत्येक मुलाला यायलाच हवे.

तंबोऱ्याचे उत्तर 'नाही' होते. फेव्हिकॉल भेगेत एकदा वाळला की पुढच्या दुरुस्तीत तो खरवडून काढावा लागतो आणि त्याबरोबर भोपळ्याची सालही निघते. सरसाचा जोड ओलावा आणि उष्णता देऊन पुन्हा सोडवता येतो. त्याहून नाजूक गोष्ट जवारीची. घोडीच्या माथ्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्याला घासून कंप पावते, तेव्हा तंबोऱ्याचा झंकार उमटतो. हा उतार कानसेने, कान लावून काढतात. एक हात जास्त फिरला तर घासला गेलेला कण परत येत नाही.

म्हणून तंबोरा मिरजेला गेला. तिथल्या तंतुवाद्यांच्या कामाला दीडशेहून अधिक वर्षे झाली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात हे काम उचलले. पंढरपूरच्या परिसरातले भोपळे तिथे येतात आणि त्यांच्या सतारी, तंबोरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धर्मशास्त्राने कोणाला कोणते काम नेमून दिले, याच्याशी या कौशल्याचा काही संबंध नाही. ते हाताने आणि कानाने कमावलेले आहे.

कारागिरांनी साडेतीन हजार रुपये सांगितले. आमच्यातला एक जण घासाघीस करू लागला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला थांबवले. रोजंदारीचा दर पाडणाऱ्या मुकादमाशी आपण भांडतो. मग इथे आपणच मुकादम कसे व्हायचे? पैसे पूर्ण दिले. मात्र एक विनंती केली, की आमच्या दोन मुलांना काम पाहत बसू द्या. त्यांनी आनंदाने बसवले. तारा कशा बदलायच्या, प्रवासात त्या थोड्या सैल का करायच्या, घोडीवर तारेखालचा सुती दोरा सरकवून झंकार कसा जुळवायचा, हे त्यांनी दाखवले. दोरा तुमचा, कानस आमची, अशी सीमाही त्यांनीच आखून दिली. एका मुलीने विचारले, "हे काम मी शिकू शकते का?" ते म्हणाले, "वेळ लागेल. सुट्टीत ये." ती दिवाळीत जाणार आहे.

मित्रांनो, स्वतः शिकणे आणि जाणत्याला पूर्ण मोबदला देणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. जे शिकता येते ते जातीच्या आणि लाजेच्या भिंती ओलांडून शिकावे. जे अजून येत नाही, तिथे ज्याला येते त्याचा मान राखावा आणि दामही पूर्ण द्यावा.

परतल्यावर जमाखर्च लिहिताना एक अडचण आली. वहीत गायकाला दिलेल्या पैशांपुढे आम्ही नेहमी 'मानधन' लिहितो. कारागिरापुढे हात आपोआप 'मजुरी' लिहायला गेला. त्यावर पंधरा मिनिटे वाद झाला. शेवटी दोन्हीकडे एकच शब्द लिहायचा, असे ठरले. आता आमच्या वहीत गायकापुढेही 'मेहनताना' असतो आणि कारागिरापुढेही 'मेहनताना'च असतो.