काळ्या पट्ट्यांच्या खुणेनं

शोपँच्या नॉक्टर्नचं रेकॉर्डिंग करते आहे म्हटलं, की लोक आधी विचारतात, दिसत नसताना पट्ट्या सापडतात कशा? १९३२ साली वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत इम्रे उंगार हा अंध हंगेरियन वादक पहिल्या नंबराच्या बरोबरीला आला होता. नाणेफेकीत तो दुसरा ठरला. पट्ट्यांचा प्रश्न खरं तर तेव्हाच मिटला.

८८ पट्ट्यांपैकी ३६ काळ्या, दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांनी वर उचललेल्या. बोटांना एवढी खूण पुरते. शोपँ शिष्यांचा हात आधी ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी यांवर ठेवायला लावी. लांब बोटं काळ्यांवर, आखूड पांढऱ्यांवर. तो हातानं विचार करायचा, असं मला ठाम वाटतं. डी फ्लॅटमधला त्याचा नॉक्टर्न, ओपस २७ मधला दुसरा, घ्या. दोनच्या जोडीतल्या डावीकडच्या काळ्या पट्टीवर डाव्या हाताची करंगळी टेकते आणि तिथून हात वर पसरत जातो. सप्तकाचं अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर, जवळपास प्रत्येक पियानोवर तेवढंच. ते खांद्यात मुरेपर्यंत मी उडी संथ लयीत घोटते, कारण मैफलीत पट्टी चाचपली तर कुणाला कळत नाही, पण माइक नखाचा टिक्‌सुद्धा पकडतो.

माझा खरा झगडा वेगळाच आहे. नोबुयुकी त्सुजी, २००९ च्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेचा सहविजेता, कानानं शिकतो. दोन्ही हातांचे भाग त्याला वेगवेगळे रेकॉर्ड करून देतात. त्याच्या वादनापुढे मी नतमस्तक आहे. तरी मला ब्रेलच हवं. दुसऱ्याचं वाजवणं ऐकलं की त्याचं थांबणं-रेंगाळणंही माझ्या अंगात शिरतं, आणि शोपँमध्ये तेच तर आपलं आपण शोधायचं असतं. ब्रेल स्वरलिपीत वरचे चार ठिपके स्वर सांगतात, खालचे दोन त्याची लांबी. डाव्या हातानं वाचायचं, उजव्यानं वाजवायचं, मग उलट. दोन्ही हात एकत्र येतात ते पाठ झाल्यावरच. त्यामुळे एकेक बार सुटा पाठ होतो, आणि रेकॉर्डिस्ट ‘३४व्या बारपासून घेऊ या’ म्हणाला तर हात तिथे लगेच पोचतो.

पण लय तिथे पोचलेली नसते. आठ बार आधी सुराला दिलेली सवड कुठे भरून काढायची, हे मागचं वाजवल्याशिवाय उमगत नाही. तेवढाच तुकडा वाजवून जोडला तर स्वर बरोबर येतात, पण डाव्या हाताची चाल वेगळी पडते. हेडफोनवर मला ती लगेच खटकते. म्हणून एका स्वराच्या दुरुस्तीसाठीही मी अख्खा भाग पुन्हा वाजवायला मागते. स्टुडिओचं भाडं वाढतं. वाढू दे.