पायाखालची ऊब

आमचं बदलापूर गावातलं घर जुनं. ओटीला शहाबादी फरशी, मागच्या खोलीत शेणाने सारवलेली जमीन. गेल्या दिवाळीनंतर घर दुरुस्तीला काढलं आणि 'जमिनीला काय घालायचं?' या एका प्रश्नावरून घरात दोन पक्ष पडले. बाबांना चकचकीत टाइल्स हव्या होत्या. आजी म्हणाली, "आरशावर कुणी चालतं का रे? तसलं काही घालणार असाल तर मी आपली धाकट्याकडे जाते."

तिचंही बरोबर होतं. असल्याच एका फरशीवर घसरून तिचं मनगट मोडलं होतं. शिवाय आजी खुर्चीवर बसत नाही. जेवण, भाजी निवडणं, जप, दुपारची झोप, सारं जमिनीवर. आम्ही फरशीवरून नुसते चालतो; तिचा सगळा दिवस फरशीवर जातो. सारवण तिला अजून आवडतं, पण सारवायला आता तिचे गुडघे वाकत नाहीत, आणि आम्हाला ते येत नाही!

एका रविवारी बाबा आणि मी उल्हासनगरला दुकानं पाहायला गेलो. लाकडी तक्तपोशी मला फार आवडली. पण २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा उल्हास नदी आमच्याही ओटीवर आली होती. लाकूड बाद झालं.

परतताना अंबरनाथला उतरून शिवमंदिरात गेलो. १०६० सालचं ते काळ्या दगडाचं मंदिर. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो आणि अनवाणी पाय गारठले. बाबा म्हणाले, "दगड नकोच. आईचे गुडघे धरतील."

त्याच रात्री कॅनडातून आत्याचा फोन आला. तिच्या घरी जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. तिने हौसेने वर जाड गालिचा अंथरला, तर खोली तापेचना! शेवटी तो काढून दगडी फरशी घातली, तेव्हा ऊब वर आली. मी बुचकळ्यात पडले. मग शाळेतलं विज्ञान आठवलं. एकाच खोलीतली फरशी आणि सतरंजी सारख्याच तापमानाच्या असतात. फरशी पायातली उष्णता झटकन ओढून घेते, म्हणून ती गार लागते. खालून ऊब दिली तर तितक्याच झटकन ती वर पोचवते. दगड ऊब अडवत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष.

हे मी बाबांना सांगितलं आणि तह झाला. पुढे खरबरीत टाइल्स. आजीच्या खोलीत ओटीवरचीच शहाबादी फरशी काढून पुन्हा बसवली. तिच्या बसायच्या जागी जुन्या लुगड्यांची गोधडी.

पहिल्या दिवशी आजीने गोधडी बाजूला सारून फरशीवर तळहात टेकवला.

"गार आहे का गं?" मी विचारलं.

"आहे थोडी," ती म्हणाली. "बस इथं माझ्याजवळ. माणसं बसली की होते ऊबदार."