भाकरी कमी करा म्हणता, त्या जागी काय वाढायचं?

पोस्ट जरा मोठी आहे. घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

शुगर निघाली की पहिल्या महिन्यात गोळ्या कमी आणि सल्ले जास्त मिळतात. मला सात वर्षांपूर्वी निघाली, टाइप टू. तेव्हा महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा वाद घरोघरी चालू होता. एक म्हणत दोनच वेळा जेवा, ५५ मिनिटांत उरका. दुसऱ्या म्हणत थोड्या थोड्या वेळाने खा, भात-तुपाला घाबरू नका. माझ्या डॉक्टरांच्या छापील कागदावर सकाळी पोहे होते, दुपारी पोळ्या आणि भात. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच कागद बघून सांगितलं, धान्य जवळपास बंदच करा. आणि सोलापूरकडच्या आम्हा सगळ्यांचं घरगुती औषध एकच : "ज्वारी खा, ज्वारीनं काही होत नाही."

शेवटी मी ग्लुकोमीटर घेतला आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून बघायला लागलो. तीन भाकरी, पातळ आमटी आणि भात झाला की आकडा २३० च्या पुढे. एकच भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, दोन अंडी आणि काकडी-कांदा असला की १६० च्या आत-बाहेर. हे माझे आकडे, तुमचे वेगळे येतील. पण ज्वारीच्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास कार्बच असतात, हे सगळ्यांसाठी सारखंच आहे. गव्हापेक्षा ज्वारी चांगली असेलही, म्हणून चार भाकरी चालतात असं नाही.

आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासानेही हेच दाखवलंय. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कार्बचा असतो आणि प्रथिनांचा जेमतेम १२. नुसता भात सोडून गव्हाच्या किंवा भरडधान्याच्या पिठावर आलं तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कार्ब कमी करून त्या जागी प्रथिनं आणली तर धोका कमी दिसला. २०२२ मध्ये त्याच गटाने काढलेला अंदाज असा, की कार्ब साधारण ५० ते ५५ टक्क्यांवर आणि प्रथिनं २० टक्क्यांपर्यंत नेली तरी बराच फरक पडू शकतो. म्हणजे भाकरी-भात पार सोडायची गरज नाही. किती वेळा खायचं यावर भांडण चालू दे. ताटातलं धान्य कमी आणि डाळ, उसळ, अंडी, ताक, पालेभाजी जास्त, यावर आता बहुतेकांचं जमतंय.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गोळ्या चालू असताना मनानेच धान्य तोडू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन तेवढंच ठेवून जेवण निम्मं केलं तर शुगर धाडकन खाली येते, घाम फुटतो, माणूस पडतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या घेताना कार्ब अगदीच बंद केले तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही मीटरवरचा आकडा फार वाढलेला नसताना. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची तेही विचारावं लागतं. आधी डॉक्टरांशी बोला, मग ताट बदला.

आता खरा मुद्दा. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनाही शुगर आहे. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ताटाचं गणित सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा, भाकरी कमी करते. पण त्या जागी काय वाढू? रेशनला तर गहू-तांदूळच येतो."

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. या धान्याने लोकांची भूक भागवली, त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. पण अंत्योदय कार्डावर महिन्याला किलोभर साखर ठरलेली आहे, डाळ तशी कायमची ठरलेली नाही. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत आनंदाचा शिधा आला, त्यात हरभरा डाळ होती. सोबत रवा आणि साखरही होती. डाळ ही काय फक्त सणाची वस्तू आहे? तमिळनाडूत २००७ पासून रेशन दुकानात सवलतीत तूरडाळ मिळते. तूर पिकवण्यात आपलं राज्य देशात पुढे, आणि आपल्याच रेशनकार्डावर तूर नाही!

डाळीत निम्म्याहून जास्त कार्ब असतात, हे मला ठाऊक आहे. पण सोबत वीसेक टक्के प्रथिनं आणि भरपूर तंतूही असतात. पातळ फोडणीच्या पाण्याऐवजी घट्ट वरण ताटात आलं, तर तिसऱ्या भाकरीची गरज आपोआप कमी होते.

देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यात रेशनवर घर चालवणारे कितीतरी असणार. शिबिरात त्यांची शुगर मोजायची, "धान्य कमी करा" म्हणायचं आणि महिनाअखेरीस पुन्हा धान्याचंच पोतं हातात द्यायचं, हे थांबायला हवं. कार्डामागे महिन्याला दोन किलो डाळ कायमची द्या, एवढीच मागणी आहे. येत्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत, मत मागायला दारात येणाऱ्याला हे विचारा. आणि तुमच्या रेशन दुकानात या महिन्यात काय काय मिळालं, ते गावाच्या नावासकट खाली लिहा. यादी घेऊन मी तहसील कार्यालयात जाणार आहे.