नववा पाटा

यू-बोल्टांवर डिझेल ओतून रात्रभर गाडी तशीच ठेवली होती. तरी सकाळी चारातला एकच सुटला, बाकीचे तीन गॅसनं कापावे लागले. नांदेडला देगलूर नाक्याजवळ उस्तादांचं पाट्यांचं काम चालतं. डाव्या बाजूचा गठ्ठा उतरवून, सेंटर बोल्ट काढून त्यांनी पाटे जमिनीवर उतरत्या क्रमानं मांडले. नऊ भरले. एका पाट्याचं टोक चाचपून ते म्हणाले, "हा घरचा नाही, भाऊ." बाकी आठांची टोकं निमुळती होती. हा मात्र गॅसनं सरळ कापलेला, कडेला वितळलेल्या लोखंडाचे थेंब तसेच गोठलेले. उजव्या गठ्ठ्यातही त्याचा जोडीदार निघाला.

लातूरला घरी आप्पांना फोन लावला. "किल्लारीला टाकलेला हाय तो," म्हणाले आणि फोन ठेवला.

30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट आमच्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. तेव्हा ही महिंद्राची पिकअप चार वर्षांची होती. आप्पा पुढं कित्येक आठवडे तिच्यातून धान्य, पत्रे, ताडपत्र्या औशावरून किल्लारीकडं नेत होते. मागची बाजू पार बसली, धुरा चेसीला ठोकायला लागला, तेव्हा कुणीतरी घाईत हा नववा पाटा चढवला. तो तीसेक वर्षं तिथंच राहिला.

आणि मला याच गाडीची शर्यत लावायची होती. हसा. प्यूजोचं जुनं डिझेल इंजिन, ताकद साठ-बासष्ट घोडे, आणि बसल्यावर पाठीचा मणका मोजून घ्यावा अशी चाल. अमेरिकेत अशा जुन्या पिकअप पाव मैल, म्हणजे 402 मीटर, पळवायची मोठी परंपरा आहे. तिथल्या शर्यतींना शिस्त लावणारी संघटना 1951 साली उभी राहिली. आपल्याकडं लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या, पण तिथं माझी गाडी घेऊन गेलो असतो तर गेटवाल्यानं भाजीची गाडी समजून मागच्या दारानं पाठवलं असतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि नसता तरी सोयाबीनच्या ट्रॅक्टरांमधून ती लावायची माझी छाती नाही. ओळखीच्या एका जिनिंगवाल्यांनी हंगाम संपल्यावर त्यांचं आवार दिलं. आत सिमेंटचा सरळ रस्ता. दीडशे मीटर पळायचं आणि सरकीच्या गोदामाच्या आधी थांबायचं.

पहिल्याच रविवारी गाडीनं दात दाखवले. क्लच सोडला की मागची चाकं धाडधाड उड्या मारायची, खालून कुणी घण घालतंय असं वाटायचं. उस्तादांनी जमिनीवर बोटानं रेघ मारून कारण सांगितलं. चाक पुढं रेटतं तेव्हा हाउसिंग उलटं फिरू बघतं, त्याचं नाक वर उठतं. धुरा पाट्यांवरच बांधलेला असल्यामुळं पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर वाकतो आणि मागचा खाली. इंग्रजी एस पाडल्यासारखा. मग पाटा स्वतःला सोडवून सरळ होतो, चाक जमीन सोडतं, परत पकडतं. रिकाम्या पिकअपला हे जास्त, कारण मागं वजनच नाही. तिचे पाटे ओझ्यासाठी केलेले, आणि ओझं नसलं की ते ताठ उभे राहतात, दबत नाहीत. शेव्हरोलेच्या 1960 च्या दशकातल्या सी-10 पिकअपला मागं गुंडाळी स्प्रिंग आणि चेसीच्या मधोमध जाणारे दोन लांब हात असायचे. चाकाचा रेटा ते हातच पेलत. आमच्या गाडीला रेटा, ओझं, खड्डे, सगळं त्या पाट्यांनीच सोसायचं.

त्या रविवारी आप्पा सरकीच्या पोत्यावर बसून बघत होते. बैलगाडीत ओझं मागं सरकलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून उचलतं. ओझं पुढं आलं तर माना दबतात. चांगला गाडीवान चढाला पुढं सरकून बसतो ते त्यासाठीच. देवणी बैलांची जोडी हाकत मोठे झालेले आप्पा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुझी बैलं मागं जुंपल्यात की रे. मग गाडी उलाळ झालेलीच बरी."

मी इतके दिवस इंटरनेटवर जे वाचत होतो ते सगळं या दोन वाक्यांत आलं. गाडी सुटताना तिचं नाक वर उठू द्यायचं, भार मागच्या चाकांवर पडू द्यायचा. म्हणून तर तिकडचे लोक पुढं पटकन उघडणारे आणि सावकाश मिटणारे शॉकअप लावतात. आम्ही आधी सोपा प्रयोग केला, मागं सरकीची चार पोती टाकली. उड्या थांबल्या, पण पोत्यांचं वजनही ओढावं लागलं. मोबाइलच्या घड्याळात तेरा सेकंद नि वर काही, आधी होते तेवढेच.

मग उस्तादांनी खरं काम केलं. नववा पाटा दोन्हीकडून काढला. आठव्याची कमान उतरली होती, ती घणानं थंडच ठोकून परत आणली. भट्टीत घातला तर पाट्याचं पाणी जातं, म्हणाले. गठ्ठ्याच्या पुढच्या अर्ध्या भागावरच्या क्लिपा घट्ट आवळल्या, मागच्या मुद्दाम सैल ठेवल्या, म्हणजे पुढचा भाग रेटा घेईल आणि मागचा खड्डे. पाट्याखाली यू-बोल्टांत अडकवून एकेक जाड लोखंडी पट्टी पुढच्या बुशापर्यंत नेली आणि तिच्या टोकाला रबराची गुट्टी बसवली. चालताना गुट्टी आणि पाटा यांच्यात बोटभर जागा. जोर लागला की गुट्टी पाट्याला भिडते आणि त्याला वाकू देत नाही. रस्त्यावर मात्र ती नसल्यासारखीच.

पुढचे शॉकअप बदलायचे म्हणून नवे आणले होते. मेलेले जुनेच शर्यतीला बरे, नाक तरी उठेल, असं उस्ताद म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी बारा सेकंद नि थोडं. उडी एकही नाही.

घरी परतताना मात्र माझं मीच शेण खाल्लं. नवे यू-बोल्ट शे-सव्वाशे किलोमीटरनंतर परत आवळायचे असतात, उस्तादांनी दोनदा बजावलं होतं. जिनिंगच्या फेऱ्या आणि नांदेडच्या चकरा मिळून तेवढं कधीच झालं होतं. अहमदपूरच्या पुढं गाडी तिरकी चालायला लागली, खेकड्यासारखी. उतरून बघितलं तर डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट तुटून धुरा दोन बोटं मागं सरकलेला. मेलेल्या शॉकअपमुळं नाक आधीच लोहा सोडल्यापासून नावेसारखं झुलत होतं, त्यामुळं हा तिरकेपणा मला उशिरा कळला. चाकूरच्या अलीकडं एका पाटेवाल्यानं बोल्ट घातला, पैसे घेतले आणि वर चार शब्दही सुनावले.

दुसऱ्याच दिवशी पुढं नवे शॉकअप टाकले. मग सोयाबीन निघालं. चौदा कट्टे भरल्यावर मागची बाजू गुट्ट्यांवर टेकली आणि मी काही न बोलता नववे पाटे परत बाहेर काढले. मार्केट यार्डाला जायच्या आधी आप्पा गाडीखाली वाकले. रबराची गुट्टी अंगठ्यानं दाबली, पट्टी हलवून बघितली.

"हे काय लावलंस?"

मी सांगितलं.

"वावरातनं भरून निघताना उड्या मारत नाही आता, ते यानंच का?"

"हो."

"मग एवढं राहू दे," ते म्हणाले आणि पाना मागून यू-बोल्ट स्वतः आवळायला बसले.