कुंभार्लीचा चढ आणि जुन्या गाडीचं हेड

चिपळूणहून कराडला निघालं, की पोफळीपर्यंत गाडी मजेत पळते. पुढं कुंभार्ली घाट लागला, की तिचं खरं वय कळतं. वळणामागून वळण, दुसऱ्यावरून पहिला गिअर, आणि मागं पाहावं तर खाली उन्हात धुरकटलेलं कोकण. घाटमाथ्यावर माणसं वारं खायला उतरतात. ड्रायव्हर मात्र आधी इंजिनावरचं झाकण उचलतो.

आमची डिझेल व्हॅन भाड्याची, पंचविशी ओलांडलेली. आत आंब्याच्या पेट्या आणि साखरपुड्याला निघालेली नऊ माणसं. हेडच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. क्लीनर पाना घेऊन सरसावला, "अर्धा आटा आवळतो, लगेच थांबेल!" ड्रायव्हरमामांनी त्याचा हात धरला. "एवढं तापलेलं असताना पाना लावायचा नाही आणि गार पाणीही ओतायचं नाही. हेड तडकलं तर बसा इथंच!" तासाभरानं इंजिन निवलं. मग हेलवाक, कोयनानगर असं पाणी भरत भरत पाटण गाठलं. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला वीज करायला उतरतं. आमचं मात्र रस्त्यावर सांडत होतं!

पाटणच्या मिस्त्रींनी ऑइलची पट्टी पाहिली. ऑइल दुधाळ नव्हतं, हे नशीब. रेडिएटरमध्ये मात्र बुडबुडे येत होते. 'नुसतं आवळून द्या' म्हटल्यावर ते हसले. नवं गास्केट दबतं, म्हणून कित्येक जुन्या बनावटीची इंजिनं थोडी चालवून पुन्हा आवळावी लागतात. पण वर्षानुवर्षं तापून कडक झालेलं गास्केट आवळल्यानं मऊ होत नाही. बोल्ट ताणलेले, गंजलेले. जोर केला की आटे जातात, नाहीतर बोल्ट आतच तुटतो. एकच बाजू जास्त आवळली तर हेड वाकतं नि धड जागाही गळू लागते. शिवाय टॅपेटचं अंतर बदलतं. ते पुन्हा लावलं नाही तर व्हॉल्व्ह जळायची भीती.

माणसं आणि पेट्या एसटीनं पुढं गेल्या. हेड उतरवलं तर बाक आलेला. फेस मारायला ते कराडला धाडलं. दुसऱ्या दिवशी नवं गास्केट, नवे बोल्ट. मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला चारच नट असले, तरी तेही समोरासमोरचे आळीपाळीनं आवळावेत, असं मिस्त्रींनी मला बजावलं. पुन्हा कधी आवळायचं की नाही, ते गास्केटच्या पाकिटावर छापलेलं होतं. ड्रायव्हरमामांनी त्याची घडी करून खिशात ठेवली.