वाळलेला काळा

जलरंगात आभाळ आधी उरकायचं, कागद ओला आहे तोवर. हैदराबादच्या दिलसुखनगरात मार्च लागला की दुपारी कागद ओला राहतच नाही. वॉश अर्ध्यावर येईतो वरची कड वाळून पट्टा उमटतो. म्हणून माझं आभाळ पहाटेचं, विजयवाडा रस्त्यावरचे हॉर्न सुरू व्हायच्या आतलं.

खाली शिवार मात्र आमच्या देगलूरकडचं. खिडकीतून दिसतात मेट्रोचे खांब आणि कोचिंग क्लासच्या पाट्या. तसं गाव इथून फार लांब गेलेलं नाही. सरूरनगरचा तलाव 1626 चा. गड्डीअन्नारमच्या फळबाजारात आंबा उतरायचा तेव्हा रस्ताभर पेंढा सांडलेला असे. 2021 मध्ये बाजार बाटसिंगारमला हलला. पेंढ्याचा तो पिवळा मी पॅलेटवर ठेवून घेतला.

शाळेत चित्रकलेच्या तासाला पांढरा रंग वापरणं म्हणजे चोरी. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. सावळाराम हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, पाहिलं की पारदर्शक रंगाशी वाद घालायची इच्छाच उरत नाही. पण तो दिव्याचा उजेड. एप्रिलमधल्या रानावरचा उजेड मातीतून येत नाही, वर धुळीसारखा बसलेला असतो. तिथे पारदर्शक रंग लावला की आत्ताच वळीव पडून गेल्यासारखं दिसतं.

अशा मातीला गुआश हवा, म्हणजे अपारदर्शक जलरंग. रंगद्रव्य जास्त, अंग जाड, वाळल्यावर चकाकी शून्य. शिवाय त्याची एक खोड अशी, की गडद छटा वाळताना फिकी पडते. नवख्यांना ती छळते. मला तिचाच उपयोग. ओली असताना काळीभोर, वाळली की राखाडी, भेगाळ: आमची कापसाची जमीन दुसरं काय करते? आणि चोरीच म्हणायची तर गोवळकोंड्याची लघुचित्रंही अपारदर्शक जलरंगातलीच आहेत. इतक्या जवळच्या घराण्याला चोर ठरवायला मी तयार नाही.

दोन्ही रंगांना धरून ठेवतो तो डिंकच, बाभळीच्या भावकीतल्या झाडाचा. त्यामुळे बांधावरची बाभूळ रंगवताना मला उगाचच हक्काचं वाटतं. खोड पातळ जलरंगात, शेतातल्या पऱ्हाट्या गुआशमध्ये. बाभळीचे काटे पांढरे असतात, हे शहरात वाढलेल्यांना पटत नाही. तेवढ्या बारीक जागी कागद कोण सोडत बसणार? ते मी सगळ्यात शेवटी, नळीतल्या घट्ट पांढऱ्याने, सरळ वरून काढते.