चंदीगडचा अर्धा दिवस

शिमला-मनालीला निघालेल्या मराठी ग्रुप टूरसाठी चंदीगड हे बंदरासारखं आहे. विमानातून उतरायचं, बसमध्ये सामान टाकायचं आणि डोंगराकडे सुटायचं. मीही तशीच उतरले. पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमात रॉक गार्डन, सुखना तलाव आणि कॅपिटल कॉम्प्लेक्स होतं. सरकारी इमारती बघायला एवढ्या लांब कशाला यायचं, म्हणून तिसरं नाव मी मनातून तेव्हाच काढून टाकलं.

रॉक गार्डनमध्ये आम्ही फार रेंगाळलो. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे गोळा करून १९५७च्या सुमारास त्यांनी राखीव जंगलात गुपचूप मूर्ती रचायला सुरुवात केली. १९७६मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. त्या मूर्तींसमोर आमचे फोटो संपता संपेनात.

बसमध्ये आल्यावर टूर मॅनेजर म्हणाले, "कॅपिटलची शेवटची फेरी गाठायची तर आत्ता निघावं लागेल. मूळ ओळखपत्रं हातात ठेवा." तिथे ठरलेल्या वेळीच, गाईडबरोबरच आत सोडतात. माझं आधार कार्ड मोठ्या बॅगेत आणि बॅग डिकीत, सगळ्यांत खाली. मी मोठ्याने म्हणाले, "राहू द्या ना ते. सेक्टर सतराला चला, खरेदी तरी होईल." चार-पाच जणींनी लगेच दुजोरा दिला. मॅनेजरांनी हात वर करायला सांगितलं आणि कॅपिटल गळलं.

सेक्टर सतरामध्ये फुलकारीची ओढणी घेऊन मी बाहेर आले, तर आमच्यातले नाशिकचे काका एकटेच बाकावर बसलेले. चहा घेता का विचारलं, तेव्हा ते बोलायला लागले. बांधकाम खात्यात आरेखक म्हणून त्यांनी उभी नोकरी केली होती. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५१मध्ये हाती घेतलेल्या या शहराचे नकाशे त्यांनी शिकताना गिरवले होते. कॅपिटलमधलं वाऱ्याबरोबर फिरणारं 'ओपन हँड' हे शिल्प २६ मीटर उंच आहे, ते १९८५मध्ये उभं राहिलं आणि १९६५मध्येच वारलेल्या कॉर्बुझिएंना ते बघायला मिळालं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

"शिमला मुलाने दाखवलंय," ते म्हणाले. "मी या टूरला कॅपिटलमधली विधानसभेची इमारत बघायला आलो होतो."

"मग काका, बसमध्ये बोलला का नाहीत?"

"सगळ्यांना बाजारात जायचं होतं. एकट्यासाठी बस कशी वळवायला सांगू?"

मी मॅनेजरांकडे धावले. उद्या सकाळी जमेल का विचारलं. पहाटेच शिमल्याला निघायचं होतं, पुढची बुकिंगं ठरलेली होती. रात्री जेवताना मी काकांची माफी मागितली. ते "असू दे" म्हणाले. पण त्यांचं बघायचं राहिलं ते राहिलंच, आणि ते माझ्यामुळे. बॅग काढायचा कंटाळा माझा होता. तो मी सगळ्यांची इच्छा म्हणून मांडला.

कॅपिटल कॉम्प्लेक्स २०१६पासून जागतिक वारसा यादीत आहे. ग्रुपने चंदीगडला जाणार असाल तर मूळ ओळखपत्र पर्समध्ये ठेवा आणि कॅपिटल आधी करा, रॉक गार्डन नंतर. कार्यक्रमातलं काही गाळायची वेळ आलीच, तर हात वर करायला लावण्याआधी गप्प बसलेल्यांना एकदा विचारा.